लांबी, सेंटिमीटरमध्ये

फोन आला तेव्हा पहाटेचे पावणेपाच.
पलीकडे बोनाव्हेंचर, गोराईचा, जाळी दुरुस्त करणारा:
"मॅडम, गादा लागलाय किनाऱ्याला. मेलेला.
लवकर या."

मग शबनम तडवीची स्कूटर, मागे मी,
मांडीवर पिशवी: शिंप्याची टेप, हातमोजे,
निलगिरीची बाटली,
आणि तीन प्रतींतला फॉर्म,
ज्याचा पहिलाच रकाना विचारतो लांबी.

मार्वेच्या धक्क्यावर दोन पोरांनी
फळीवरून स्कूटर बोटीत चढवली,
वीस रुपये घेतले, तोंड धुवायला निघून गेली.
खाडी ओलांडायला चार मिनिटं लागतात.
तेवढ्यात मालाडचे मनोरे
दुसऱ्या कुणाच्या तरी शहरातले वाटायला लागतात.

शबनम यावलची. केळीच्या बागांमधली.
समुद्र तिने पाहिला तो तेविसाव्या वर्षी,
नोकरीच्या ऑर्डरसोबत.
अजूनही वळणावर पाणी दिसलं
की ती ब्रेक दाबते, हलकासा.
तिला वाटतं मला कळत नाही.

मनोरी मागे पडली. पांढरा क्रूस, कोंबड्या,
वलांडीवर जबडे अडकवून टांगलेले बोंबील.
मग दोन्ही बाजूंना तिवरं,
तिवरांखाली चिखल,
चिखलावर निवट्या, फक्त डोळे आणि उडी.
एक वंचक पाठ करून बसलेला,
पेन्शनच्या खिडकीसमोर बसतात तसा.
"ते बघ," म्हणेपर्यंत
खंड्याने आपलं निळं आवरून घेतलं होतं.

खाजणाच्या वळणावर रस्त्यातच कोल्हा.
शबनमने हॉर्न दिला नाही, इंजिन बंद केलं.
त्याचं तोंड ओलं होतं, मिशांना वाळू.
त्याने आम्हाला पाहिलं,
आधी तिला, मग मला, मग पिशवीला,
आणि सावकाश, घाई आमचीच आहे
हे ओळखून, तिवरांत उतरला.
"मांजर आडवं गेलं तर काय ते माहितीये," शबनम म्हणाली,
"कोल्ह्याचं कोणी सांगितलंच नाही."

गोराईला सुरूच्या रांगेपलीकडे
बोनाव्हेंचर एकटाच उभा, हाफ पँट, हात खिशात.
"नेला हो. रिसॉर्टवाल्यांनी दोर बांधला,
होडीने ओढून नेला बाहेर.
आज शनिवार ना."

वाळूत त्याची जागा होती.
पोटाचा खोल उतार, एका पराचा ठसा,
तिथून पाण्यापर्यंत ओढल्याची पन्हळ.
भोवती कोल्ह्याची पावलं: आली, एक फेरी, थांबली.
आणि बारीक खेकड्यांनी
वाळूच्या गोळ्या रचत
कडेपासून ती जागा बुजवायला घेतलेली.

शबनम गुडघ्यांवर बसली.
टेप दीडशेची, म्हणून दोनदा लावावी लागली.
दोनशे बारा.
"हे लिहायचं का, मॅडम?"
फॉर्मवर चौकटी आहेत: ताजा, कुजलेला, फक्त सांगाडा.
मी दोनशे बारा लिहिलं.
चौकट कुठलीच भरली नाही.

मग बोनाव्हेंचर, जणू आत्ताच आठवल्यासारखा:
"ओढत नेताना मागोमाग एक लहान होतं.
दिसलं नाही. श्वास ऐकू आला.
फूस… मग बराच वेळ काही नाही… मग फूस."

आम्ही तिघांनी कान दिला.
वारा. सुरू. लांब कुठेतरी डिझेलची होडी.
शबनमने चपला काढल्या,
सलवार वर खोचली,
आणि पाण्यात शिरली. दोन वर्षांत पहिल्यांदा.
टेपचं टोक तिच्या मुठीत तसंच,
दुसरं माझ्या.
घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत. एक कान समुद्राकडे.
नव्वद, एकशे दहा, एकशे चाळीस,
पिवळी फीत लाटेवर ताणत गेली.

दीडशेला टेप संपली.
मी माझं टोक सोडून दिलं.