हात काढायचा नाही

म्हापशात शुक्रवारच्या बाजारामागे
माझी कवळ्या करायची जागा. दोन टेबलं,
प्लास्टर, मेण, गुलाबी ॲक्रिलिक.
फडताळात लोकांच्या हिरड्यांचे साचे,
प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव.
सांतान कुलासोचाही आहे, वरचा जबडा,
बोटीच्या एका हेलकाव्यात तीन दात गेलेला.

तोच आला. पिशवी उपडी केली.
टेबलभर पांढरे दगड, हलके, भोकाभोकांचे.
'पात्रांव, तुका चिकटावंक कळटा मरे. हे उभे कर.'

एकतीस वर्षं तारवटी. आता हॉलमध्ये
चार फुटी काचेत समुद्र मांडायचाय त्याला.
प्रवाळ काढणं गुन्हा, म्हणून हे दगड सिमेंटचे,
तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा घालून अंगणात ओतलेले,
दीड महिना पाणी बदलत भिजवलेले
चुन्याचा तिखटपणा उतरेपर्यंत.
मीठसुद्धा विकतचं, मुंबईहून डब्यातून येतं.
हणजूणचा समुद्र इथून अडीच कोस.
म्हणाला, त्या पाण्याची आता खात्री नाही.

मी आधी ब्रश मारला. भुकटी राहिली
तर दगड भुकटीला चिकटून बसतो.
मग ते दोन दगड कुठे कुठे टेकतात ते शोधलं.
तीन ठिकाणं निघाली. पुरे.
कवळी तरी कुठे सगळीकडे टेकते?

इपॉक्सीची कांडी बाहेरून करडी, आतून पांढरी,
मळायची रंग एक होईपर्यंत.
खाली सुपरग्लू, मध्ये लगदा, वर परत सुपरग्लू.
'सुकत नाही हे,' मी म्हटलं, 'घट्ट होतं.
सुकणं वेगळं.'
दाबायचं, आणि दहा मिनिटं हात काढायचा नाही.

कमान होती. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
इतके जवळ की तो हसला
तेव्हा मला माझंच काम दिसलं.

चौथ्या मिनिटाला त्याचा फोन वाजला,
थरथरत प्लास्टरच्या पुडीपर्यंत सरकला.
लिबेराता. लेक. स्विंडनहून.
पडद्यावर लोकरीची टोपी, मागे बर्फ.
'घे,' मी म्हटलं, 'मी धरतो दोन्हीकडून.'
त्याने फोनकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे,
दोनच आहेत ना, असं मोजून.
'ना. हात काडल्यार फट उरतली.'
माणूस इतका वेळ वाजू देतो फोन
हे मला ठाऊक नव्हतं.
थांबला.
बाहेर कोणीतरी चोरीसांच्या माळेचा भाव पाडत होतं,
आम्ही तेवढंच ऐकलं उरलेली सहा मिनिटं.

हात सोडले. उभी राहिली.
त्याने बोटं पुसून फोन लावला.
ती कामावर गेली होती.

टाकीत आधी नुसतं पाणी. मग तपकिरी शेवाळ,
मग हिरवं, त्याला शिव्या.
नाताळानंतर खडूसारखी जांभळी साय
दगडांवर चढू लागली, सांध्यांवरून
बिनदिक्कत पलीकडे गेली.
लगद्यात माझा अंगठा उमटला होता.
जानेवारीत अर्धा उरला. इंत्रुजला दिसेना.

मे महिन्यात रात्री अडीचला: 'पडलो मरे.'
मी पायजम्यातच स्कूटरवर.
काच शाबूत. कमानही.
सगळ्यात वरचा, सगळ्यात नीट बसवलेला दगड
घसरून मागच्या दगडाला रेलला होता,
बार बंद झाला तरी न उठणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

मी कांडी मळायला घेतली. रंग एक होत आला
आणि सांतानने माझं मनगट धरलं.
दगडाखाली नवी पोकळी झाली होती.
तिच्यातून एक पांढरी मिशी बाहेर आली,
अंदाज घेतला. मग दुसरी.
गेले तीन आठवडे मेली समजून
ज्या कोळंबीवर त्याने पाणी सोडलं होतं, ती.
'रावूं दी,' म्हणाला.

लगदा माझ्या मुठीत कोमट झाला, मग घट्ट.
अजून फडताळात आहे, त्याच्या जबड्याशेजारी,
चार बोटांच्या चार खाचा.
खाली नाव घातलेलं नाही.