परशा, तुझा नंबर मंगळवारी

परशा, तुझा नंबर मंगळवारी, म्हणून सांगून ठेवतो.
डॉक्टरची चिठ्ठी घे. भरल्या पोटी जाऊ नकोस.
सोहारच्या मासळीबाजारामागे औषधाचं दुकान आहे,
त्याच्या वरचा मजला. लिफ्ट बंदच असते.

आधी फॉर्म. साखर, बी.पी., कुठं कापाकापी झालीय का.
खाली माणसाचं चित्र, पुढून आणि पाठून,
तोंड काढायचं राहून गेलेलं.
दुखतं तिथं गोल करायचा.
मी मानेला केला, मग खांद्याला, मग कमरेला,
मग पेन खाली ठेवलं.
त्या बिचाऱ्यात कोरी जागा उरेना.

खिमलाल म्हणून आहे. नेपाळचा. बोटं जाड, आवाज बारीक.
सांगेल, जमेल तेवढे कपडे उतरवा, चादर ओढून घ्या,
मी बाहेर थांबतो, टकटक करून येईन.
आणि खरंच टकटक करतो रे.
आठ वर्षं झाली कॅम्पात,
मी आत आहे म्हणून कुणी दार वाजवलं नव्हतं.

पालथं पडायचं. तोंड एका भोकात.
इथं तुला हसू येईल.
आपण दिवसभर करतो काय?
चाळीस मीटरवर, काचेच्या फरशीत वाकून
दोन पायांमधून खाली बघतो:
डबा, डब्याचे चार कोपरे, ट्रेलर.
आणि इथं येऊन पुन्हा खालीच बघायचं!
भोकातून दिसतं ते एवढंच:
दीड फरशी, पितळेच्या भांड्यात पाणी, त्यात लिंबाची फोड,
आणि खिमलालची पावलं, निळ्या मोज्यांत.
उजव्या अंगठ्यापाशी रफू.
मी सवयीनं अंतर मोजलं.
तो म्हणाला, हात सैल सोडा.
म्हटलं, सोडले.
म्हणाला, नाही सोडले.
बघतो तर दोन्ही मुठी कधीच्या जॉयस्टिकवर.

दाब किती, विचारतो. उगाच मर्दासारखा जोरात म्हणू नकोस.
दुखलं तर दुखलं म्हण. तो थांबतो.
म्हटलं की थांबतो, परशा.
दोनदा तर मी नुसतं बघायला म्हटलं.

डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी त्याचा अंगठा अडला.
ओल्या दोराला बसते ना, तसली गाठ.
नखानं ओरबाडलं की आणखी आवळते.
माझा बा उरणला अशी गाठ मांडीवर घेऊन
अर्धी दुपार बसायचा, न बोलता.
हाही तसाच बसला तिच्यापाशी.
एकदाच विचारलं, “इतना किधर देखते हो?”
“नीचे.”
“दिनभर?”
“रात को भी.”

मग मी पडल्या पडल्या हिशेब केला,
सुट्टीवरून आल्यापासून आपल्याला कुणाकुणाचा हात लागला.
न्हावी.
विमानतळावरचा झडतीवाला.
दाढ उपटणारा, तोही रबरी मोज्यातून.
चौथा आठवेपर्यंत नाक गळायला लागलं.
तुझंही गळेल, घाबरू नकोस.
तेलाच्या वासानं होतं, असं तो म्हणतो.
सगळ्यांनाच म्हणत असणार.
भांडं बरोबर त्या भोकाखाली ठेवलेलं असतं.

उठताना घाई नको, चक्कर येते. पाणी पी.
दुसऱ्या दिवशी अंग आणखी दुखेल,
क्रेनवरच्या पहिल्या आठवड्यासारखं. मग उतरतं.
त्या रात्री ड्युटी मात्र घेऊ नकोस.
खाली टॅक्सीची वाट बघताना माझी मान आपसूक वर गेली.
एसीच्या पेटीवर एक पारवा, त्याच्यावर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ.
तिथं उचलायचं काही नव्हतं, ठेवायचंही नव्हतं.
टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

एक रियाल वर दे त्याला.
मी दिला तेव्हा तो स्वतःचा अंगठा चोळत होता,
मनगटापर्यंत, दात आवळून.
तुझा कोण चोळतो, हे विचारायचं
माझ्या जिन्यात आल्यावर ध्यानात आलं.
तू विचार.
मोज्याचं काही बोलू नकोस.