मणक्याच्या दोन्ही बाजूंनी

सिव्हिलमधली दुसरी रात्र.
पोटावर टाके, हाताला सुई,
आणि छाती अशी, जसा मे महिन्यात
आमच्या घरकुलातला नळ :
पाच दिवसांनी येतो,
तोही आधी नुसता वारा ओकतो.

शेजारच्या खाटेवरून कुणी म्हणालं, मधाचं बोट चाटवा.
नवऱ्याची मावसबहीण म्हणाली, पावडरचा डबा आणा,
चिरून काढलेल्याला कुठलं आलंय लगेच दूध.
चिरून काढलेल्याला.
मी भिंतीकडे तोंड केलं.

कुरणे सिस्टर चपला फटकारत आली,
मधाची बाटली उंच खिडकीत ठेवली
आणि माझ्या सासूला म्हणाली,
नरसम्मा, हात धुवा. कोपरापर्यंत.

नरसम्माने तीनदा धुतले.
पण छत्तीस वर्षं बिड्या वळलेल्या नखांतून
तंबाखूचा वास कुठे जातो.

मला जपून कडेला बसवलं,
समोर उशी, उशीवर कपाळ.
अशी मूठ करा, सिस्टर म्हणाली, अंगठे पुढे.
मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडावर नाही,
मानेपासून फऱ्यांच्या खालपर्यंत
छोटे छोटे गोल.
घाई नको. भाकरीचं पीठ नाही हे.

मी मंगळवेढ्याची, न विचारता केलेली सून.
तीन वर्षांत या बाईने मला सूप दिलं, कात्री दिली,
कमी भरलेल्या कट्ट्यांवरून बोल दिले.
हात कधी लावला नव्हता.

पहिला गोल दगडासारखा पडला.
मग तिला काहीतरी सापडलं असावं.
पान किती ओलं आहे, कुठे वळेल, कुठे फाटेल
हे अंधारातही कळणारी बोटं
माझी पाठ चाचपू लागली.
ओकटि, रेंडु, मूडु, ती पुटपुटत होती,
पंचवीसला थांबून पुन्हा पहिल्यापासून.
एक कट्टा. दोन कट्टे.

किती झाले ठाऊक नाही.
खांदे कानांपासून खाली उतरले.
पोटात एक कळ पिळून गेली
तर सिस्टर म्हणाली, येऊ दे, पिशवी आवळतेय,
त्याच निरोपाने वरचं सुटतं.

मग माझाच हात माझ्या छातीवर ठेवला :
काळ्या गोलाच्या जरा मागे, चंद्रकोरीसारखा.
आधी बरगड्यांकडे दाब, मग बोटं जवळ. घासू नकोस.
काही नाही.
काही नाही.
मग चमच्याच्या तळाशी
पिवळा, चिकट, ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब.

एवढंच?
नरसम्मा चमच्यावर वाकून बघत होती,
कारखान्यातला चेकर बिड्या बघतो तशी,
पण तिने काही बाजूला काढलं नाही.
तेलुगूत एक शब्द म्हणाली.
माझी तेलुगू भाजीबाजारापुरती,
हा शब्द तिच्यात नव्हता.

सात थेंब झाले.
मुलगी धड जागी नव्हती, तरी जीभ बाहेर आली,
चमच्याच्या काठाला लागली,
आणि तिने नाक मुरडलं,
थेंबाला नाही, आजीच्या बोटांना.

पहाटे चारला वॉर्डातला पंखा कुरकुरत होता.
मी हाक मारली नव्हती.
पाठीवर दोन अंगठे.
ओकटि.
रेंडु.