पासाची बोली

उमदी ते कवठे, सकाळी सहा पाच.
सोळा वर्षं मी या गाडीचा कंडक्टर.
मागच्या सहा बाकांवर तिकीट फाडावं लागत नसे.
बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाणाऱ्या बायका,
महिन्याचा पास चोळीत, घामानं फोटो पुसट:
निलव्वा, कस्तुराक्का, संखची रहिमतबी,
आणि सोन्याळची एक, जिला सगळ्या नुसतं तंगी म्हणत.

पुढं बसलेले म्हणत, कन्नड चाललंय.
चडचणहून आलेले म्हणत, छे, हे तर मराठी.
मी मधे, घंटीची दोरी धरून,
दोघांनाही मान हलवत.

'चहात साखर हाक गं,' एक म्हणाली,
मला वाटलं, साखरेला बोलावतेय.
हळूहळू कळलं, हाकणं म्हणजे घालणं.
मीठ हाकायचं, कुलूप हाकायचं,
सुनेच्या कानात एखादी गोष्ट हाकायची.
बैल मात्र आमच्यासारखाच हाकायचा.
'ऊटा केलास?' 'केली गं, साकु झालं.'
ऊटा तो की ती, यावर एकदा
संखपासून जतपर्यंत भांडण चाललं,
निकाल लागला नाही, जतला गर्दी चढली.

नाव नव्हतंच तिला. डेपोत आम्ही म्हणायचो, पासाची बोली.
गाडीतून उतरलं की मुकादमाशी सरळ मराठी,
घरी सासूशी सरळ कन्नड,
आणि ही मधली,
दोन तास वीस मिनिटांची.

शिरगणतीचा माणूस एकदा गाडीतच फॉर्म उघडून बसला.
मातृभाषा मराठी?
निलव्वा म्हणाली, हौद.
मग कन्नड?
हौद.
हौद म्हणजे हो. त्यानं काय लिहिलं कोण जाणे,
पुढच्या वर्षी वेशीपाशी पाण्याची टाकी आली.

मग शेडवर रंग ओळखून बेदाणा निवडणारं यंत्र आलं.
रहिमतबी वारली. तंगी लेकाकडं पुण्याला.
नाती स्कूटीवरून जातात, कानात वायरी.
पासाच्या खिडकीवर एकटी निलव्वा,
तीही पुढं येईना झाली.

यंदा कोल्हापूरहून एक मुलगी आली, रेकॉर्डर घेऊन.
निलव्वा दीड तास बोलली,
धड्यातल्यासारखं मराठी, एक अनुस्वार चुकला नाही.
मुलगी म्हणाली, आजी, ती भाषा?
'ती अशी एकटीनं बोलत नसतात, बाई.
शेजारी कुणीतरी लागतं
खिडकीकडं सरकून जागा देणारं.'

परवा जतच्या स्टँडवर दिसली.
डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा,
तरी चालीवरून मला ओळखलं.
बाकावर सरकली. म्हणाली, 'बा.'

सोळा वर्षं नुसतं ऐकलेलं
जिभेवर जुळवत मी विचारलं,
'निलव्वा, येल्ली निघालीस? मनीला?'
ती हसायला लागली ती थांबेचना,
चष्मा काढून पदरानं डोळे टिपले,
डॉक्टरनं नको सांगितलं असताना.
'मनीला कोण म्हणतं रं मास्तर? मनीगी.
पुन्हा म्हण.'

म्हटलं.
तरी कुठंतरी चुकलंच.
उमदीची गाडी लागली होती,
घंटी दुसऱ्याच कुणीतरी मारली.
ती उठली नाही.