चेंडू गेला तरी

वडाळ्याच्या मैदानावर रविवारी सात सामने असतात,
त्यातले सहा क्रिकेटचे. सातवा आमचा.
त्यांच्यातल्या एकाचा फाइन लेग आमच्या सेकंड बेसपाशी उभा असतो,
आमची राइट फील्ड त्यांची खेळपट्टी टाळून पळते.
भांडण नाही. जागा आहे तेवढीच आहे.

बेस म्हणजे वाळू भरलेल्या गोणी.
सेकंडला कुणाच्या तरी आईनं दिलेलं पायपुसणं,
चार खिळ्यांनी ठोकलेलं,
सुस्वागतममधलं फक्त 'गत' उरलेलं.
होम प्लेट मीच कापली ट्रकच्या टायरमधून,
पाच कोनांची. एक कोन चुकला.

नीलाक्षी घाडीगावकरनं चौथ्या इनिंगला
चेंडू असा उचलला
की पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीची भिंत ओलांडून
तो कुणाच्या तरी वाळवणात पडला.
आता त्याला कुणी पकडणार नाही.
तरी पळायचं.
पहिला, दुसरा, तिसरा, मग घर,
याच क्रमानं, प्रत्येकाला पाय लावून.
चेंडूचं काम संपलं, पोरी. तुझं नाही.

हे मुंबईत समजावणं कठीण.
इथे सिक्स गेला की फलंदाज बॅटवर रेलतो,
पलीकडच्याशी हातमोजा टेकवतो,
धावा आपोआप पाटीवर चढतात.
तो फाइन लेगचा पोरगा तेच ओरडला,
"अगं, बाहेर गेला ना! पळतेस कशाला?"
ती हसली,
त्याच्याकडे बघत त्याला वळसा घातला,
आणि पायपुसणं राहिलं
वीतभर बाजूला.

तिसऱ्यावर पाय पडला तेव्हा तिला कळलं.
मान मागे गेली, पाय नाही.
चेंडू बाहेर असताना पुढचा बेस शिवलात
की मागचा शिवायला परतता येत नाही.
ती घरी आली. मैत्रिणींचे धपाटे पाठीवर.
हसू अजून तोंडावर, पण कुणीतरी ठेवायला दिल्यासारखं.

मी गप्प.
अंपायरनं पाहिलं तरी बोलायचं नसतं.
समोरच्यांनी मागायला हवं,
पुढचा चेंडू टाकायच्या आत. नंतर मागितलं तर माफ.

सदतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो.
क्रेनखालून पेटी गेली की रेघ,
चार रेघांवर एक आडवी.
पाहिलं ते लिहिलं. कुणी विचारायची वाट पाहिली नाही.
इथे मात्र पाहिलेलं पोटात ठेवून
मी पिशवीतून नवा चेंडू काढला,
पुसायची गरज नव्हती, तरी पुसला,
आणि पिचरच्या हातात दिला.

तेवढ्यात सेकंडवरून सनोबर मुकादमनं हात वर केला.
सातवीतली. हातमोजा भावाचा, कोपरापर्यंत येणारा.
तिनं चेंडू मागितला, झेलला,
पायपुसण्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली:
"सर, हिनं शिवलं नाही."

शिवलं नाही.
माझ्या आजाला गावच्या विहिरीचा काठ शिवायची बंदी होती.
शिवू नको, लांब हो, यातच ज्याची हयात गेली,
त्याचा नातू टोपी घालून उन्हात उभा,
आणि न शिवल्याबद्दल
मूठ वर करतो: आउट.

फाइन लेगवाला पोरगा बघतच राहिला,
त्याच्या बाजूनं चौकार गेला, शिव्या पडल्या.
भिंतीपलीकडून एका बाईनं पहिला चेंडू परत फेकला,
कुरडईचा तुकडा चिकटलेला.
तो कुठल्याच बेसला न लागता
थेट होम प्लेटशी येऊन थांबला.

पाणी प्यायला सनोबर माझ्याजवळ आली.
"मी बोलले नसते तर?"
तर रन.
"पण तुम्ही बघितलं होतं ना?"
बघितलं होतं.
तिनं बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं,
आणि नीलाक्षी बसली होती तिकडे
बाटली घेऊन गेली.