लाइनवर पाणी

मी काचेच्या अलीकडे बसतो,
तीन फोन आणि एक वही घेऊन.
नाव, पेठ, तक्रार असे रकाने आखलेले.
पलीकडे विजयाताई म्हणतात, "बोला सोलापूर!"
पण सोलापूर आधी माझ्याशी बोलतं.

साखर पेठेतून चन्नवीर हत्तुरे. कुत्री.
"आठ आहेत बघा. परवा सहाच होती."
शास्त्रीनगरातून मौलाली बागवान:
खड्डा बुजवला, पण असा बुजवला की उंचवटा झालाय,
आता रिक्षा उडते.
याला आभार म्हणायचं का तक्रार, तेवढं सांगा.
आणि एक जण, दर मंगळवारी, नाव सांगत नाही.
"मी लागलो का?"
"लागलात."
"बरं," म्हणतो, आणि ठेवतो.

सगळ्यांना सांगतो, घरचा रेडिओ बारीक करा,
नाहीतर तुमचाच आवाज फिरून तुमच्या कानात येईल.
कुणी करत नाही.

त्या मंगळवारी, बारा वाजून वीस,
एप्रिल, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय,
विडी घरकुलातून नागूबाई गुंडेटी.
"पाचवा दिवस, मॅडम. हजार विड्या वळून
बोटाला तंबाखूचा वास बसलाय, अन् धुवायला..."
थांबल्या.
त्यांच्या मागे, लांब कुठेतरी,
नळानं घसा खाकरला.
"येलालंय की ओ!"
फोन कशावर तरी आपटला,
सूप कलंडलं, पानं सांडली,
चपला धावल्या,
मग घागर.

आमच्याकडे नियम आहे,
आठ सेकंदांच्या वर शांतता जाऊ द्यायची नाही.
माझं बोट जाहिरातीच्या बटणावर.
विजयाताईंनी काचेतून हात वर केला: थांब.

आधी पोकळ, ठणठणीत.
मग जाड.
मग गळ्याशी आल्यावर बारीक होत चढत जाणारा तो आवाज,
जो ऐकून झोपेतही बाईचा हात तोटीकडे जातो.
पानटपऱ्यांवर, मागांच्या खटखटीत,
सात रस्त्याला उभ्या रिक्षांमध्ये
एकच घागर भरत होती.

तिन्ही फोन पेटले.
"कुठल्या गल्लीत सोडलंय?"
"आमचा नळ कोरडा आहे, उगं खोटं दाखवू नका."
दाखवत नाही काकू, ऐकवतोय.
अशोक चौकातून एक म्हातारे मागवाले:
"पितळेची आहे. तळाला पोचा आलाय तिच्या."
आणि एक दबका आवाज:
"मी चावीवाला. नाव लिहू नका.
त्यांना म्हणावं पाऊण तासच आहे,
पिंप आधी भरा, कपडे मागून."

नागूबाई धापा टाकत परतल्या.
"हां, बोला."
"तुम्हीच बोलत होतात," विजयाताई म्हणाल्या.
"मी? काय म्हणत होते बाई..."
तोटीचा आवाज अजून चालूच.
"ऱ्हाऊ द्या आता. पाच दिवसांनी लावते परत."

वहीत नाव लिहिलं, पेठ लिहिली.
तिसरा रकाना तसाच ठेवून
पेनाचं टोपण चावत बसलो.

फोन.
"मी लागलो का?"
"लागलात."
"ती घागर भरली का?"
"भरली."
"बरं," म्हणाला,
आणि ठेवला नाही.