जास्तीचा बर्फ

कागदगिरणीत सत्तावीस वर्षं
मी वाफेचे काटे वाचले,
कुठल्या बॉयलरला कधी घाम फुटणार
ते लांबूनच सांगायचो.
आणि आज या एवढ्याशा पातेल्यापुढे
हात बांधून उभा.

अर्झुला खिडकीशी, चाकाच्या खुर्चीत.
मार्चपासून तिचा उजवा हात झोपलाय
आणि शब्दही त्याच कुशीवर.
डाव्या हातात चमचा.
टेबलावर एकदा वाजला की नाही,
दोनदा वाजला की हो.
आमच्या घराचा कारभार सध्या एवढ्यावर चालतो,
आणि खरं सांगायचं तर
पूर्वीही फार वेगळा नव्हता.

अलाबामातला जुलै.
पोर्चच्या पायऱ्या अशा तापलेल्या
की कुत्रं तीन पायांवर उभं राहतं,
चौथा गार करत.
शेजारची लुव्हिनिया म्हणाली,
दुकानात बाटल्या मिळतात की तयार.
चमचा वाजला, एकदाच, पण असा
की लुव्हिनिया थेट
चर्चच्या गळक्या छपरावर बोलू लागली.

म्हणून मग मी.
सोमवारी चहाच्या पिशव्या पिळून घेतल्या,
शेवटचा थेंब कशाला वाया घालवा.
कडू जहर. टक्.
मंगळवारी साखर घातली, चहा निवल्यावर.
ती तळाशी बसली वाळूसारखी,
वर नुसतं तपकिरी पाणी. टक्.
बुधवारी गरम बरणी तशीच फ्रिजमध्ये ढकलली.
चहा गढूळ झाला,
पूर ओसरतानाच्या नदीसारखा.
तिनं चमचासुद्धा उचलला नाही.
बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
एकेचाळीस वर्षं हा माणूस या स्वयंपाकघरात
नेमकं काय बघत होता,
असं.

काय बघत होतो?
रात्री पडल्या पडल्या आठवू लागलो.
तिची पाठ आठवली. मानेवरचा घाम.
रेडिओवरची बेसबॉलची मॅच, तीही डावासकट.
पातेल्यात काय चाललंय
ते मात्र कुठेच नाही.
मग पहाटे, कुठूनसं,
तिची दोन बोटं आठवली,
खायच्या सोड्याच्या डब्यात शिरून
पांढरी होऊन बाहेर येणारी
आणि ॲप्रनला पुसली जाणारी.
चिमूटभर. कडूपणा मारायला.

गुरुवारी घाई केली नाही.
पाण्याला उकळी आली, गॅस बंद केला,
आठ पिशव्या, दोऱ्यांना एकच गाठ मारून, सोडल्या.
सोड्याची चिमूट. झाकण.
तेवढ्यात तिचे केस विंचरून घेतले,
ते आता मला बरं जमतं.
पिशव्या न पिळता उचलल्या,
निथळतील तेवढ्या निथळू दिल्या.
साखर गरमातच, सव्वा कप.
आठवड्यातून एकदाच, असं आमचं दोघांचं ठरलंय,
डॉक्टरांना सांगायचं राहिलंय.
वरून गार पाणी.
आणि मग काही नाही.
ओट्यावर ठेवून द्यायचं, आपणहून निवेपर्यंत.
सगळ्यात अवघड काम हेच होतं.

बरणी उन्हात धरली.
आरपार लुव्हिनियाचं कुंपण दिसलं,
तांबूस, फळी न् फळी मोजता येईल असं.

एक घोट. तिनं डोळे मिटले.
टक्.
मी स्टुलावर बसलो.
टक्.
दुसऱ्या ठोक्याला तिनं मुद्दाम वेळ लावला,
हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन.

मग मी माझा ग्लास भरला.
आता एक कबुली:
मला हा चहा फार गोड लागतो.
लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून.
कधी बोललो नाही. तोंड वाकडं केलं नाही.
ग्लास रिकामा करून, ओठ पुसून, वा म्हणायचो,
आणि त्यात खोटं काही नव्हतं
चव सोडली तर.

तिनं चमचा खाली ठेवला.
डावा हात बर्फाच्या भांड्यात घातला.
एक खडा उचलला, निसटला, परत धरला,
माझ्या ग्लासात टाकला.
दुसरा.
तिसरा.
चौथ्याला चहा काठाशी आला.
मग ओली बोटं मांडीवर पुसून
ती खिडकीबाहेर बघू लागली,
कुत्र्याने पाय बदलला होता.

माझ्या ग्लासात बर्फ नेहमीच जास्त असायचा.
मला वाटायचं,
मी बाहेरून तापून येतो म्हणून.